पांढऱ्या झग्यांचे राजकारण

अमेरिकेतील वर्णवर्चस्ववादी संघटनांवर वर्ध्याच्या महाविद्यालयीन वार्षिकांकात लेख कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. राज्यशास्त्राच्या वर्गात अमेरिकेची राज्यघटना शिकवताना मी सत्ताविभाजन, सर्वोच्च न्यायालय, द्विपक्षपद्धती हे सारे क्रमाने सांगतो आणि विद्यार्थी ते तितक्याच क्रमाने उत्तरपत्रिकेत उतरवतात. परंतु 'द्विपक्षपद्धती' या एका शब्दाआड दीडशे वर्षांचा जो व्यवहार दडलेला आहे, तो पाठ्यपुस्तकातील त्या परिच्छेदात मावत नाही. शिवाय त्या व्यवहाराची झळ वर्ध्यात लहानाच्या मोठ्या झालेल्या एका माणसाच्या पिढीला प्रत्यक्ष लागलेली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

तो माणूस म्हणजे पांडुरंग सदाशिव खानखोजे. त्यांचे बालपण व सुरुवातीचे शिक्षण वर्ध्यात झाले, पुढचे नागपुरात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देश सोडून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. तेथे शेतकीचा अभ्यास केला. वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील स्टेट कॉलेजातून १९१३ साली ते उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी आकाराला आलेल्या गदर चळवळीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पुढे मेक्सिकोत मक्यावर संशोधन करून त्यांनी नाव कमावले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या क्रांतिकार्याविषयी आपल्याकडे थोडेफार लिहिले गेले आहे. परंतु ज्या वॉशिंग्टन-ओरेगॉन-कॅलिफोर्नियाच्या पट्ट्यात ते वावरले, तेथे त्या काळी हिंदी माणसाकडे कोणत्या नजरेने पाहिले जात होते, हे फारसे सांगितले जात नाही.

किनाऱ्यावरची हाकाटी

१९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोत कामगार संघटनांच्या पुढाकाराने एक लीग स्थापन झाली. प्रारंभी तिचा रोख जपानी व कोरियन मजुरांवर होता. १९०७ च्या अखेरीस तिने 'एशियाटिक एक्स्क्लूजन लीग' हे व्यापक नाव धारण केले. आशियातला माणूस कमी मजुरीत राबतो, म्हणून तो गोऱ्या कामगाराचा शत्रू, असा तिचा सरळ हिशेब होता. कमी मजुरी देणारा गिरणीमालक मात्र या हिशेबात कोठेच नव्हता.

४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम या गावी सुमारे पाचशे गोऱ्यांचा जमाव लाकूड-गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांवर चालून गेला. मजूर बहुतांशी पंजाबी शीख होते. तिथले लोक सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हणत. त्यांना खोल्यांतून ओढून काढले, मारले, लुटले. दोनेक दिवसांत गावात एकही हिंदी माणूस उरला नाही. नोव्हेंबरात त्याच राज्यातील एव्हरेट येथे आणि मार्च १९१० मध्ये ओरेगॉनमधील पोर्टलंडनजीकच्या सेंट जॉन्स येथे असेच घडले.

दंगल ही एका रात्रीची गोष्ट असते. तिचे कायद्यात रूपांतर कसे होते, हे खरे पाहण्यासारखे आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांत डेमोक्रॅट व रिपब्लिकन हे दोन्ही पक्ष मतांसाठी स्पर्धा करत होते. अशा ठिकाणी संघटित मतांचा एक छोटा गठ्ठादेखील तराजू झुकवतो. लीगने स्वतःचा पक्ष काढला नाही. उमेदवारांना प्रश्न विचारले आणि उत्तराप्रमाणे मते वळवली. एका पक्षाने मागणी उचलली की दुसऱ्याला मागे राहणे परवडेना. १९२० साली सिनेटर जेम्स फेलन हे डेमोक्रॅट गृहस्थ 'कॅलिफोर्निया गोरा ठेवा' अशा अर्थाची उघड घोषणा घेऊन निवडणुकीला उभे राहिले. ते पडले, पण कॅलिफोर्नियात आशियाई लोकांच्या जमीनधारणेवरचे निर्बंध त्याच निवडणुकीत जनतेच्या मतदानाने अधिक कडक झाले. उमेदवार हरला आणि मुद्दा जिंकला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

झगा कोठून आला

या साऱ्याची मुळे मात्र पूर्वेकडे, दक्षिणेतील राज्यांत आहेत. यादवी युद्ध संपले, गुलामगिरी नष्ट झाली आणि १८६५ च्या डिसेंबरात टेनेसी राज्यातील पुलास्की या गावी पराभूत सैन्यातील काही माणसांनी 'कू क्लक्स क्लॅन' ही गुप्त मंडळी स्थापन केली. तिचा उद्योग रात्री चाले आणि परिणाम मतदानाच्या दिवशी दिसे. त्या काळी कृष्णवर्णीय मतदार हा लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाचा मतदार होता, आणि दक्षिणेतील गोरे जमीनदार डेमोक्रॅटिक पक्षात. क्लॅनने कृष्णवर्णीय पुढारी, शिक्षक, त्यांचे गोरे सहकारी यांना फटके मारले, घरे जाळली, खून पाडले. थोडक्यात, ती डेमोक्रॅटिक पक्षाची बेकायदा फौज होती.

संघराज्य सरकारने १८७०-७१ मध्ये कठोर कायदे केले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनातील नऊ परगण्यांत लष्करी बळ वापरले आणि पहिली क्लॅन मोडली. म्हणजे शासनाने मनावर घेतले तर अशा संघटना मोडता येतात, हेही इतिहासाने तेव्हाच दाखवले होते.

१८७३ हे साल आपल्याला जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'चे म्हणून ठाऊक आहे. जोतीरावांनी तो ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. त्याच वर्षी एप्रिलात, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातील कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या टोळ्यांनी साठांहून अधिक कृष्णवर्णीयांची कत्तल केली. शिक्षा झालेल्या मोजक्या आरोपींची शिक्षाही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने टिकली नाही. जोतीरावांची कृतज्ञता खोटी नव्हती. परंतु ज्यांच्याविषयी ती होती, त्यांचेच काम त्यांच्याच देशात उधळले जात होते.

१८७७ साली दक्षिणेतून संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले आणि पुढे दहशतीचे काम कायद्याने हाती घेतले. मतदानासाठी कर भरा, वाचनाची परीक्षा द्या, असे नियम आले. वर्णाचा उल्लेख कोठेही नाही. पण परीक्षक गोरा आणि नापास होणारा काळा. लुइझियानात १८९६ साली नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार सुमारे १,३०,००० होते. १९०४ साली ते सुमारे १,३०० उरले. इतके झाल्यावर क्लॅनची गरज तरी कोणाला होती?

दहा डॉलरची वर्गणी

तरीही ती परत आली. १९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटाने जुन्या क्लॅनला वीरपुरुषांची टोळी म्हणून रंगवले आणि त्याच वर्षी जॉर्जियातील स्टोन माउंटनवर विल्यम सिमन्स यांनी दुसरी क्लॅन स्थापन केली. पांढरा झगा, टोकदार टोपी, जळता क्रूस हे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते, ते मुख्यतः हिचे. हिचे शत्रू कृष्णवर्णीय तर होतेच. त्यात कॅथलिक, ज्यू आणि परदेशांतून येणारे सर्व लोक यांची भर पडली. सभासदत्वाची फी दहा डॉलर, आणि त्यांपैकी चार डॉलर सभासद मिळवून देणाऱ्याच्या खिशात जात. द्वेषाला असे दलालीचे इंजिन जोडल्यावर गाडी वेगाने धावणारच. १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत सभासदसंख्या लक्षावधींच्या घरात गेली. त्यांत दुकानदार होते, दंतवैद्य होते, धर्मोपदेशक होते, पोलीस होते.

या दुसऱ्या क्लॅनला कोणताच एक पक्ष नव्हता, हे तिचे वैशिष्ट्य. दक्षिणेत ती डेमोक्रॅट होती. इंडियाना राज्यात ती रिपब्लिकन पक्षात शिरली आणि १९२४ साली तिच्या पाठिंब्यावर एडवर्ड जॅक्सन गव्हर्नर झाले. ओरेगॉनात १९२२ साली क्लॅनचा निषेध करणारे रिपब्लिकन गव्हर्नर बेन ओलकॉट पडले आणि तिचा पाठिंबा असलेले डेमोक्रॅट वॉल्टर पिअर्स निवडून आले. त्याच वेळी सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा, म्हणजे कॅथलिक शाळा बंद पाडणारा, कायदा मतदानाने संमत झाला. १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

येथे अमेरिकन पद्धतीचा एक विशेष समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे पक्षाचे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तेथे बहुतेक ठिकाणी पक्षाचा उमेदवार 'प्रायमरी' नावाच्या पूर्वनिवडणुकीत मतदारच ठरवतात. सुधारकांनी ही पद्धत पुढाऱ्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी आणली. हेतू चांगला होता. पण पूर्वनिवडणुकीला मतदान कमी होते आणि जो गट शिस्तीने शंभर टक्के हजर राहतो, त्याची किंमत वाढते. दक्षिणेत तर डेमोक्रॅटिक पक्षाची पूर्वनिवडणूक हीच खरी निवडणूक असे, आणि पक्ष ही खाजगी संस्था असल्याचे सांगून तीतून कृष्णवर्णीयांना वगळले जाई. ही वाट सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली बंद केली.

१९२४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. जाहीरनाम्यात क्लॅनचा नाव घेऊन निषेध करावा, असा ठराव आला. हिंसा आणि असहिष्णुता यांचा सर्वसाधारण निषेध करायला सगळेच तयार होते. अडचण होती ती नाव घेण्याची. हजाराहून अधिक मतांत तो ठराव जेमतेम एका मताच्या अंतराने पडला. मग राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला १०३ वेळा मतदान घ्यावे लागले. दुभंगलेला पक्ष नोव्हेंबरात हरला. क्लॅनला काही जिंकावे लागले नाही. तिचे नाव घ्यायला एक मोठा पक्ष कचरला, एवढेच तिला पुरेसे होते.

त्याच वर्षी परदेशी लोकांच्या आगमनावर कठोर बंधने घालणारा कायदा झाला. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्या मजुरांना दार आधीच बंद केले होते. १९२४ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या आशियाला केले. विधेयकाचे एक प्रमुख पुरस्कर्ते आल्बर्ट जॉन्सन हे बेलिंगहॅम ज्या राज्यात आहे, त्याच वॉशिंग्टन राज्याचे रिपब्लिकन प्रतिनिधी होते. दोन्ही पक्षांनी मिळून तो संमत केला. दुसरी क्लॅन मात्र लवकरच ढासळली. इंडियानातील तिचे सर्वेसर्वा डी. सी. स्टीफन्सन यांना १९२५ साली एका तरुणीच्या मृत्यूप्रकरणी खुनाची शिक्षा झाली आणि नीतीच्या गप्पा मारणाऱ्या संघटनेचा मुखवटा गळून पडला. संघटना गेली. कायदा १९६५ पर्यंत राहिला.

आपलाही एक अवघड प्रश्न

येथवर वाचून आपण गोऱ्यांना दोष देऊन मोकळे झालो, तर अर्धाच धडा शिकलो असे होईल. भगतसिंग थिंड हे पंजाबी शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. ओरेगॉनच्या न्यायालयाने १९२० साली त्यांना नागरिकत्व दिले; सरकारने त्याविरुद्ध दाद मागितली. नागरिकत्व 'गोऱ्या' किंवा आफ्रिकी वंशाच्या परदेशी माणसालाच मिळू शकत होते, म्हणून थिंड यांच्या बाजूने, सखाराम गणेश पंडित वकील असताना, असा युक्तिवाद झाला की ते उच्चवर्णीय आर्य आहेत, म्हणून गोरे आहेत. आणि अमेरिकन माणूस विवाहसंबंधाच्या बाबतीत निग्रोकडे ज्या दृष्टीने पाहतो, त्याच दृष्टीने उच्चवर्णीय हिंदूही देशातील मूळच्या हीन मानलेल्या लोकांकडे पाहतो.

हा युक्तिवाद पुन्हा वाचावा. ज्या भिंतीने आपल्याला बाहेर ठेवले ती अन्याय्य आहे, असे त्यात म्हटलेले नाही. आम्हालाही आत घ्या, कारण आमच्याकडेही अशीच भिंत आहे, असे म्हटले आहे. कायद्याचे शब्दच तसे असल्यामुळे वकिलाला दुसरी वाट नव्हती, हे मान्य. पण ती दलील इतक्या सहज हाताशी सापडली, याचा विचार आपणच करायला हवा. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. त्यानंतर पन्नासच्या आसपास हिंदी लोकांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले. त्यांपैकी वैष्णोदास बगाई या व्यापाऱ्याने १९२८ साली आत्महत्या केली.

या प्रश्नाची दुसरी बाजू डॉ. आंबेडकरांनी पाहिली. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. गोऱ्यांच्या रांगेत जागा मागण्याऐवजी, रांगेबाहेर ठेवलेल्यांशी त्यांनी नाते जोडले.

वर्धा-नागपूरची वाट

असे नाते जोडण्याचे काम आपल्या भागातही झाले आहे. १९३६-३७ च्या हिवाळ्यात बेंजामिन मेज आणि चॅनिंग टोबायस हे दोन कृष्णवर्णीय अमेरिकन पुढारी गांधीजींना भेटायला आले. मेज यांची भेट वर्ध्याला झाली. अहिंसा म्हणजे नेमके काय, ती समूहाने कशी आचरावी, हे त्यांनी विचारले, जातिव्यवस्थेविषयीही विचारले. हेच मेज पुढे अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि मार्टिन ल्यूथर किंग त्यांचे विद्यार्थी.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५३ ते १९५६ या काळात जेम्स लॉसन नावाचे एक तरुण कृष्णवर्णीय मिशनरी विद्यार्थ्यांना खेळ शिकवत होते. माँटगोमेरीतील बस-बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर ते किंगना भेटले आणि नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना त्यांनी अहिंसक प्रतिकाराचे रीतसर शिक्षण दिले: शिवी दिली तर काय करायचे, अंगावर थुंकले तर हात कोठे ठेवायचे, येथपर्यंत. १९६० साली नॅशव्हिलच्या उपाहारगृहांचे दरवाजे उघडले ते या शिकवणीने. २०२४ साली लॉसन निवर्तले.

पक्षांची अदलाबदल

या चळवळीमुळे दोन्ही पक्षांना एक दिवस बाजू निवडणे भाग पडले. १९४८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने नागरी हक्कांचे कलम स्वीकारताच दक्षिणेतील एक गट फुटला आणि स्ट्रॉम थर्मंड यांनी चार राज्ये जिंकली. १९५४ साली शाळांतील वर्णभेद न्यायालयाने बेकायदा ठरवल्यावर 'व्हाइट सिटिझन्स कौन्सिल' निघाल्या. यांना झगा नव्हता, कोट-टाय होता. हक्क मागणाऱ्याची नोकरी घालवणे, कर्ज अडवणे ही त्यांची हत्यारे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. त्याच वर्षीच्या रिपब्लिकन अधिवेशनात क्लॅन आणि इतर अतिरेकी संघटनांचा नाव घेऊन निषेध करणारी सूचना फेटाळली गेली, आणि उमेदवार गोल्डवॉटर यांनी स्वतःच्या राज्याखेरीज फक्त खोल दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली. १९६८ साली जॉर्ज वॉलेस यांनी स्वतंत्रपणे लढून पाच राज्ये मिळवली. ही मते कशी ओढावीत, याचे गणित रिपब्लिकन पक्षाने मांडले आणि सावकाश दक्षिण त्या पक्षाची झाली. लिंकनचा पक्ष आणि जमीनदारांचा पक्ष यांनी जणू घरे बदलली. तेव्हा 'अमुक पक्ष मुळातच तसा' असे म्हणणाऱ्याने हा इतिहास वाचावा.

पक्षाने ठरवले तर नकार देता येतो, याचेही उदाहरण आहे. क्लॅनचा माजी प्रमुख डेव्हिड ड्यूक १९८९ साली लुइझियानाच्या विधानसभेत रिपब्लिकन म्हणून निवडून आला. त्याच्या पक्षाच्या राष्ट्रीय नेत्यांनी विरोधी उमेदवाराला पाठिंबा दिला होता. १९९१ साली तो गव्हर्नरपदासाठी लढला आणि हरला. पण दहांपैकी जवळजवळ चार मते त्याला पडली, आणि गोऱ्या मतदारांतली बहुसंख्य.

अलीकडच्या घटना आपण दूरचित्रवाणीवर पाहिल्या आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिल येथे मशाली घेऊन मोर्चा निघाला आणि विरोध करणाऱ्यांच्या गर्दीत मोटार घुसवून एका तरुणीचा बळी घेतला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅन्सासमधील ओलेथ येथे एका भारतीय अभियंत्याला 'आमच्या देशातून चालते व्हा' असे ओरडत गोळी घालण्यात आली. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदभवनावर जमाव चालून गेला. 'प्राउड बॉइज' आणि 'ओथ कीपर्स' या संघटनांच्या म्होरक्यांना राजद्रोही कटाबद्दल शिक्षा झाल्या. या संघटना स्वतःला वर्णवर्चस्ववादी म्हणवत नाहीत आणि एका म्होरक्याचे पूर्वज कृष्णवर्णीयही आहेत. पण जमावात त्या विचारांची निशाणे होती. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या प्रकरणातील सुमारे दीड हजार जणांना माफी दिली; काहींची शिक्षा कमी केली. १८७१ साली शासनाने काय केले होते आणि २०२५ साली काय केले, याची तुलना वाचकांनी स्वतः करावी.

सारांश एवढाच की अशा संघटना तीन वाटांनी पक्षांत शिरतात. पहिली, मतदाराला घाबरवण्याची. दुसरी, मतांचा गठ्ठा बनून दोन्ही पक्षांना घाबरवण्याची. तिसरी सर्वांत शांत आहे: स्वतः मागे राहून आपली मागणी सभ्य भाषेत दुसऱ्याच्या जाहीरनाम्यात घालण्याची. पहिली वाट पोलीस रोखू शकतात, दुसरी पक्ष रोखू शकतो. तिसरी फक्त वाचणारा, प्रश्न विचारणारा मतदार रोखू शकतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण लवकरच पहिल्यांदा मतदान कराल. काही जण शिकायला वा नोकरीला त्या देशात जाल. एखाद्या समूहाविरुद्ध विष पसरवणाऱ्यांचा एखादा पक्ष निषेध करतो, तेव्हा तो मोघम बोलतो की नाव घेऊन बोलतो, एवढे जरूर पाहा. आणि पुढे कोठे दारावर उभे राहण्याची वेळ आलीच, तर 'आम्ही त्यांच्यासारखे नाही' असे म्हणून आत शिरायचे, की दार सर्वांसाठी उघडा म्हणायचे, हे आधी ठरवून ठेवा.